शाँबोरचा बुरूज आणि आमच्या कॉलनीतला बुरूज

सांजवात

गेल्या सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन आम्ही फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यात आठ दिवस काढले. मुक्काम ब्ल्वाला, आणि तिथून शाँबोर, शनाँसो, आझे-ल-रिदो हे जुने शातो, म्हणजे तिथले गढी-वाडे, बघितले. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. पूल आणि मोऱ्या बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आम्ही फोटो काढत होतो तेव्हा ते भिंतींना हात लावून बघत होते. शनाँसोचं ६० मीटर लांबीचं दालन नदीवरच्या पुलावर उभं आहे. तिथे ते खिडकीतून खाली बघत अर्धा तास उभे राहिले. पाण्यातले खांब प्रवाहाच्या बाजूला निमुळते का केलेत हे आईला समजावून सांगत होते.

आम्ही राहतो टेक्सासात, डॅलसजवळच्या प्लेनोत. परत आल्यावर घर बघायला सुरुवात केली. आमच्याच भागात नवीन वसाहत होतेय आणि पाटीवर लिहिलंय ‘फ्रेंच शातो शैली’. दाराशेजारी गोल बुरूज, वर शंकूसारखं टोकदार छप्पर, दर्शनी भिंतीला दगड. नवऱ्याला घर फार आवडलं. बाबांनी बुरुजावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, “पोकळ आहे. आत काय आहे गं?” आत गेलो तर कोट टांगायचं कपाट होतं.

तेव्हापासून मला ते घर नको वाटतंय, पण नवऱ्याला पटेल असं कारण सांगता येत नाही. तो म्हणतो, “शाँबोरही त्या काळातलं दिखाऊ घरच होतं, फक्त जुनं झालं म्हणून तुला आवडतं.” हे खरं आहे का? फरक फक्त वयाचा आहे का? की नक्कल करताना नेमकं काहीतरी सुटतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. आम्हाला महिन्याभरात निर्णय घ्यायचाय.

पेठकरी

पहिला! बाबांना माझा नमस्कार सांगा. घर घेताना भिंतीवर टकटक करणारा माणूस प्रत्येक कुटुंबात हवा.

गडवाट

बुरुजात कोट टांगायचं कपाट? म्हणजे तो खराखुरा भुई‘कोट’ झाला की!

मैना

गडवाट, हसून हसून चहा सांडला.

दगडफूल

सांजवात, प्रश्न आवडला. मी पुण्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

ल्वारच्या वास्तूंमधलं जे जे आपल्याला ‘सुंदर’ वाटतं ना, त्यातल्या बहुतेकांचा जन्म गरजेतून झालाय. छप्पर घ्या. तिथे पाटीचा दगड मिळतो, आपण शाळेत ज्यावर गिरवलं तोच. त्याच्या पातळ चिपा काढायच्या आणि माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक खिळ्यांनी बसवायच्या. वाऱ्याने पाऊस चिपांखाली घुसू नये म्हणून उतार तीव्र हवा. उतार तीव्र म्हणून आत प्रचंड माळा. माळ्यावर माणसं राहणार, म्हणून छपरातून बाहेर डोकावणाऱ्या खिडक्या. थंडी म्हणून खोलीखोलीत चूल आणि धूर ओढला जावा म्हणून धुरांडी आढ्यापेक्षा उंच. शाँबोरला २८२ शेकोट्या आहेत. छपरावरचं ते धुरांड्यांचं रान त्यामुळे उगवलं.

बुरूज गोल का? युद्धासाठी. कोपऱ्यावरून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नजर आणि मारा ठेवता येतो, आणि गोलाला फोडायला सोपा असा कोपरा नसतो. जिना वेगळ्या बुरुजात का? आतली खोली खर्ची पडू नये म्हणून. इंग्लंड आणि फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध १४५३ मध्ये संपलं, वेढ्याची भीती ओसरली, तेव्हा कुठे भिंतींना मोठ्या खिडक्या पडायला लागल्या.

आता तुमच्या प्लेनोच्या घराकडे बघा. छप्पर उभं आहे, पण आत लाकडी कैच्यांचं जाळं असणार, माणूस उभा राहू शकणार नाही. डोकावणाऱ्या खिडक्यांमागे खोली नसेल. शेकोटी एक, तीही गॅसची. आकार आले, पण ज्यांनी ते आकार घडवले ती कारणं आली नाहीत. आपल्या डोळ्याला हे कळतं. कसं कळतं ते सांगता येत नाही, पण कळतं.

आणखी एक. आझेच्या दर्शनी भिंतीसमोर पुन्हा उभ्या राहिलात तर खिडक्या बघा. एकीच्या बरोबर वर दुसरी, तिच्या वर छपरातली. आडव्या दगडी पट्ट्या त्या सगळ्यांना बांधून घेतात. ताणा-बाण्यासारखं आहे ते. नव्या घरांत प्रत्येक खिडकी आतल्या खोलीच्या सोयीने पडते, आणि बाहेरून पाच जातींच्या खिडक्या एका भिंतीवर दिसतात.

बोरूबहाद्दर

दगडफूलताई, माहिती उत्तम, पण निष्कर्ष मान्य नाही. सांजवात यांचे यजमान बरोबर बोलतायत.

शाँबोरचं बांधकाम १५१९ मध्ये सुरू झालं. राजा पहिला फ्रान्स्वा, वय २५ च्या आसपास. मधोमध बालेकिल्ल्यासारखी चौकोनी वास्तू, चार कोपऱ्यांवर गोल बुरूज. कोणाशी लढायला? कोणाशीच नाही. ते शिकारीचं घर होतं. तोफा आल्यावर असे उंच बुरूज लढाईत निकामी झाले होते आणि हे राजाला पक्कं ठाऊक होतं, कारण चारच वर्षांपूर्वी इटलीतल्या मारिन्यानोच्या लढाईत तो स्वतः तोफांच्या धुरात उभा होता. म्हणजे त्याने जुन्या गढीचं रूप फक्त रुबाबासाठी उचललं.

तुम्ही ज्या धुरांड्यांचं कौतुक करताय, त्यांच्यावर पाटीच्या काळ्या दगडाचे गोल आणि शंकरपाळे बसवलेत, ते कशासाठी? इटलीत संगमरवराची जडावाची कामं बघून आला होता, तसं हवं होतं म्हणून. ती नक्कलच! आणि एवढं बांधून राजा तिथे राहिला किती? बत्तीस वर्षांच्या राजवटीत सगळे मुक्काम मिळून तीन महिन्यांहून कमी. सामानसुमान त्याच्याबरोबर यायचं आणि त्याच्याबरोबरच जायचं.

आझे-ल-रिदो तर त्याहून बोलकं. बांधणारा झिल बर्थलो हा राजाच्या खजिन्यातला अधिकारी, तूर शहराचा नगराध्यक्ष. पैसा हाताशी आला, आता सरदारासारखं दिसायचं होतं. म्हणून नदीतल्या बेटावर टोकदार कोपऱ्यांचं घर, आणि वर लढाऊ तटासारखा सज्जा. १५२७ मध्ये खजिन्याच्या चौकशीत त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला फाशी झाली आणि हा घर अर्धवट टाकून पळाला. प्लेनोतल्या माणसाला दाराशी बुरूज हवा असेल तर तो बर्थलोचाच वारस आहे. त्याला नावं ठेवायची तर बर्थलोलाही ठेवा.

गडवाट

बोरूकाका, जबरदस्त! त्या सज्ज्याबद्दल थोडी भर घालतो. भिंतीच्या माथ्यावर पुढे काढलेला सज्जा, त्याच्या तळाला भोकं, खाली आलेल्या शत्रूवर दगड टाकायला. त्याला फ्रेंचमध्ये ‘माशिकुली’ म्हणतात. आपल्याकडे तटाला चर्या आणि जंग्या असतात तसं. आझेला ती पट्टी नुसती शोभेची आहे.

अवांतर: ‘शातो’ला मराठीत काय म्हणायचं? फ्रेंचमध्ये लढाऊ कोटालाही शातो आणि राजवाड्यालाही शातो. आपल्याकडे गड, कोट, गढी, वाडा असे वेगळे शब्द आहेत. मला वाटतं, जुना शातो म्हणजे गढी आणि १५०० नंतरचा म्हणजे वाडा.

पेठकरी

मला तर शातो हा शब्द पहिल्यांदा नारायणगावच्या वाईनरीमुळे कळला. लहानपणी एसटीतून जाताना पाटी वाचायचो, तेव्हा ते मालकाचं आडनाव वाटायचं.

तूरकर

मी अकरा वर्षं तूरला राहतो, म्हणजे या धाग्याच्या गाभ्यातच. (हो, तूरडाळीवरचे सगळे विनोद माझ्यावर करून झालेत.)

इथला पांढरा दगड ‘तुफो’. खाणीतून काढताना इतका मऊ की करवतीने कापता येतो, मग हवेवर कडक होतो. त्यामुळे ल्वारच्या पाथरवटांना दगडात नक्षी काढणं परवडलं. कठीण दगडाच्या मुलखात तेवढं बारीक काम झालंच नसतं. खाणींच्या गुहा अजून आहेत. कुठे अळंबी पिकवतात, कुठे वाईन मुरते, कुठे माणसं राहतात.

पण तुफो पाणी पितो. माझं स्वतःचं घर १८८० च्या सुमाराचं आहे, साधं दोन मजली. आधीच्या मालकाने ‘मजबुतीसाठी’ बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला होता. आम्ही राहायला गेल्यावर दोन वर्षांत आतल्या भिंतीला पोपडे आले. गवंड्याने गिलावा खरवडला तेव्हा आतला दगड हाताने पिठासारखा निघत होता. सिमेंटने ओल आत कोंडली होती. सगळा गिलावा उतरवून चुन्याचा केला, सात दगड बदलले. त्या महिन्यात मी जे शिकलो ते कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नसतं. भिंतीला श्वास लागतो हे आजी म्हणायची, ते शब्दशः खरं आहे.

आता सांजवात यांच्या ‘वयाचा’ मुद्दा. तुम्ही जो आझे बघितलात तो सगळा काही १५२७ चा नाही. अंगणाच्या बाजूचा एक मोठा बुरूज एकोणिसाव्या शतकात नव्याने बांधलाय, जुन्याशी जुळेल अशा पद्धतीने. २०१७ मध्ये मोठी दुरुस्ती संपली, त्यातही दगड आणि छप्पर बदललं. तरी तुम्हाला तो भाग खटकला का? नाही ना! म्हणजे फरक वयाचा नाही.

आणि इथे आज नवीन घर बांधताना कोणी बुरूज काढत नाही. ऐतिहासिक वास्तूपासून ५०० मीटरच्या आत बांधायचं तर सरकारी वास्तुरचनाकाराची संमती लागते, हा नियम १९४३ पासून आहे. माझ्या शेजारची नवी घरं म्हणजे पांढरट भिंती, पाटीच्या दगडाचं उभं छप्पर, खिडक्यांना लाकडी झडपा. बस्स. माझ्या मते शातोची खरी भावंडं ती घरं आहेत, कारण दगड तोच, पाऊसही तोच.

मैना

तूरकर, “दगड तोच, पाऊसही तोच” हे फार आवडलं.

मला शनाँसोबद्दल सांगायचंय. तिथल्या मूळ घराचं काम कॅथरिन ब्रिसोनेने बघितलं, नवरा मोहिमेवर असायचा. त्या काळात सगळीकडे गोल फिरता जिना, तिने सरळ जिना घातला, फ्रान्समधल्या पहिल्या काही सरळ जिन्यांपैकी तो एक. आझेचं कामही बर्थलोपेक्षा त्याच्या बायकोनेच जास्त बघितलं. या बायकांनी कारागिरांसमोर उभं राहून घरं बांधून घेतली, हे कुणीतरी लिहायला हवं होतं म्हणून लिहिलं.

निशिगंधा_क

मी नॉर्थ कॅरोलिनात. आमचं पहिलं घर ‘शातो शैली’चंच होतं. दुरून दगडी दिसणारं, पण गिलाव्याखाली फोमचे तक्ते आणि त्यामागे लाकूड. छपराचे अकरा तुकडे, प्रत्येक दोन तुकड्यांच्या सांध्यात पन्हळ. खिडकीच्या कडेने पाणी आत गेलं आणि बाहेर यायला वाटच नव्हती. चौथ्या वर्षी जेवणघराच्या भिंतीला हात लावला तर ती दबली. आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं झालं होतं. लेक तेव्हा दोन वर्षांची होती, तिच्या खोलीत बुरशी सापडली. मी खूप रडले होते. १९९० च्या दशकात आमच्या राज्यात विल्मिंग्टनच्या परिसरात अशी हजारो घरं सडलेली निघाली, नंतर बांधकामाचे नियम बदलले. घर घेताना सांध्यांची तपासणी करूनच घ्या, हात जोडून सांगते.

पण याच राज्यात ॲशव्हिलला बिल्टमोर नावाचं भव्य घर आहे. १८८९ ते १८९५ मध्ये बांधलेलं, वास्तुकार रिचर्ड मॉरिस हंट. जिना ब्ल्वाच्या शातोतल्या जिन्यावरून, छप्पर आणि धुरांडी शाँबोरच्या वळणाची. २५० खोल्या, ६५ शेकोट्या. तेही नकलेचंच घर, तेही अमेरिकेतच, पण तिथे उभं राहिल्यावर मला एकदाही पोकळ वाटलं नाही. त्यासाठी खास रेल्वेचा फाटा टाकला, जागेवर विटांची भट्टी लावली, इंडियानातून चुनखडीचा दगड आणला. शिवाय लिफ्ट, वीज, घरात पोहण्याचा तलाव. जुनं रूप आणि नवी सोय दोन्ही मनापासून केलंय. हे दगडफूलताईंच्या गणितात कसं बसतं?

हिशेबनीस

नकलेचे दोन टोकाचे नमुने देतो.

एक, पॅरिसजवळ लूव्हसिएनला २००८ ते २०११ मध्ये बांधलेला ‘शातो लुई चौदावा’. सतराव्या शतकातल्या व्हो-ल-व्हिकाँत या शातोच्या धर्तीवर. दगडकाम, शिसं, सोनेरी मुलामा सगळं हाताने. बरोबर खंदकात पाण्याखालची काचेची खोली, आणि कारंजी फोनवरून चालू होणारी. २०१५ मध्ये २७५ दशलक्ष युरोंना विकला गेला.

दोन, तुर्कस्तानात मुदुर्नूजवळ ‘बुर्ज अल बाबास’. २०१४ ला सुरुवात. ७३२ शातो बांधायचे होते, सगळे एकाच साच्यातले, टोकदार निळसर छपरांचे, हातभर अंतरावर. पाचशेहून जास्त उभे राहिले, मग २०१८ ला कंपनीने दिवाळखोरी मागितली. आज दरीभर रिकामे बुरूज उभे आहेत. शातोच्या आजूबाजूला मोकळं रान लागतं, जसं शाँबोरला आहे. ७३२ शातो एकमेकांना खेटून उभे केले तर एकाचंही काही उरत नाही.

पेठकरी

फोनवर कारंजी चालू होणं ठीक, पण सासूबाईंचा फोन आला तर?

साचेकार

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. भिवंडीला माझं साच्यांचं वर्कशॉप आहे. बंगल्यांचे खांब, कंगोरे, घुमट, सिंहाची तोंडं. काचतंतू घातलेलं काँक्रीट आणि फायबर, दोन्हींत काम करतो. वरचं सगळं वाचून थोडं वाईट वाटलं, म्हणून आमची बाजू सांगतो.

साचा करणं हलकं काम नाही. आधी मातीत नाहीतर पीओपीत नमुना हाताने घडवायचा, मग रबराचा साचा, मग ओतकाम. माझ्याकडे एक कारागीर आहे, त्याने पानाचा नमुना कोरला तर शिरांवरून बोट फिरवावंसं वाटतं. लोक म्हणतात “नकली”. पण हात तर खरेच असतात.

चुकतं कुठे ते मी रोज बघतो. गिऱ्हाईक फोनमध्ये फोटो दाखवतं. फोटोतली इमारत तीन मजली, कंगोरा अडीच फुटी. यांचा बंगला एक मजली, यांनाही अडीच फुटीच पाहिजे. नाहीतर उलट: बजेट कमी, म्हणून अडीच फुटाचा आठ इंची करा. मी सांगतो, साहेब, आधी भिंत मोजू, मग साचा करू. ऐकणारा दहात एक. त्याचं घर मात्र बघण्यासारखं होतं. आणि कंगोऱ्याचं खरं काम पावसाचं पाणी भिंतीपासून लांब टाकायचं. खालच्या बाजूला बारीक खाच ठेवली तर थेंब तिथेच तुटतो, भिंतीवर ओघळत नाही. ती खाच मी न सांगता ठेवतो. त्याचे पैसे कोणी देत नाही.

दगडफूल

साचेकार, लिहीत राहा. त्या खाचेसाठी तुम्हाला मनापासून नमस्कार. ती खाच न ठेवल्यामुळे खराब झालेल्या भिंती दुरुस्त करण्यात माझी अर्धी कामं जातात.

बोरूबहाद्दर, तुमच्या प्रतिसादानंतर दोन दिवस विचार केला. तुमचं बरोबर आहे, शाँबोर हीसुद्धा नक्कल आहे. माझं “गरजेतून जन्म” हे विधान तिथे लंगडं पडतं, मागे घेते. पण ती काळी नक्षीच बघा. राजाला इटलीसारखा जडाव हवा होता, हाताशी पांढरा तुफो आणि छपरासाठी आणलेला पाटीचा दगड होता. गवंड्यांनी त्यातून मार्ग काढला. इटलीत कुठेही दिसणार नाही असं काहीतरी तयार झालं. जिन्याचंही तेच. दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेले, एकातून चढणारा दुसऱ्यातून उतरणाऱ्याला झरोक्यातून बघतो पण भेटत नाही. लिओनार्दो दा विंचीची कल्पना असावी असं म्हणतात, तो काम सुरू होण्याआधी काही महिने आंब्वाजला वारला. कल्पना कोणाचीही असो, ती दगडात उतरवताना कोणीतरी प्रत्येक पायरीचा विचार केलाय. शाँबोरच्या कारागिरांना नक्कल करताना नवीन अडचण सोडवावी लागली. बिल्टमोरलाही. तुर्कस्तानातल्या त्या दरीत कोणालाच काही सोडवावं लागलं नाही, पहिलं घर झाल्यावर उरलेली नुसती मोजायची होती.

बोरूबहाद्दर

ताई, हे पटलं. आता वाद राहिला नाही. तरी एक टोचणी ठेवतो: एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच वास्तुकार व्हिओले-ल-द्युक. पिएरफोंचा किल्ला १६१७ मध्ये पाडलेला, नुसते अवशेष उरले होते. याने १८५७ पासून तो सम्राट तिसऱ्या नेपोलियनसाठी पुन्हा उभा केला, पण ‘होता तसा’ नव्हे, ‘असायला हवा होता तसा’. कार्कासोनला बुरुजांवर पाटीच्या दगडाची टोकदार टोप्यांसारखी छपरं घातली, दक्षिणेत जिथे कौलांची चाल आहे तिथे! लोकांनी त्याला तेव्हाही झोडपलं. आज कार्कासोन जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि पर्यटक त्याच टोप्यांचे फोटो काढतात.

तूरकर

बोरूबहाद्दर, कार्कासोनच्या काही बुरुजांवर नंतर कौलंच परत घातली. आणि टोप्या राहिल्या तरी तिथला पाऊस उत्तरेसारखा नाही, दक्षिणेच्या वळणाची छपरंच शोभतात. मी उन्हाळ्यात गेलो होतो. त्या टोप्या म्हणजे आमच्या ल्वारच्या पोरीने दक्षिणेत जाऊन जाड स्वेटर घातल्यासारखं दिसतं.

भाकरवाडी

अवांतर, पण नकलेत मोडतं म्हणून: वडिलांची नोकरी पंजाबात होती तेव्हा कपूरथळ्याला जगतजित पॅलेस बघितला. १९०० ते १९०८ मध्ये बांधलेला, फ्रेंच वास्तुकार मार्सेल, व्हर्सायच्या वळणाचा. आता तिथे सैनिक शाळा आहे. गोल खिडक्यांच्या छपराखाली पोरं कवायत करत होती. ती इमारत मला फार जिवंत वाटली, कारण तिथे रोज कोणीतरी राहत होतं, शिकत होतं.

मैना

गेदलाँबद्दल कोणी लिहिलं नाही अजून? फ्रान्समधल्या बर्गंडीत १९९७ पासून तेराव्या शतकातल्या पद्धतीने नवा किल्ला बांधतायत! जागेवरच्या खाणीतला लालसर वालुकाश्म, चुना, ओकचं लाकूड. दगड वर चढवायला मोठं लाकडी चाक, त्याच्या आत माणूस चालतो. कुऱ्हाडीने वासे तासतात. प्रवेश तिकिटांच्या पैशावर काम चालतं. २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दामचं छप्पर जळालं, तेव्हा तिथे शिकलेले सुतार नव्या वाशांच्या कामाला गेले आणि २०२४ च्या डिसेंबरात ते चर्च पुन्हा उघडलं. नकलेच्या किल्ल्याने खऱ्याला हात दिला.

साचेकार

मैनाताई, आमच्या पोरांना ते चाक दाखवायचंय. व्हिडिओ शोधतो.

हिशेबनीस

सांजवात, मूळ प्रश्नावर येतो. दगड, छप्पर, सांधे बाजूला ठेवा, व्यवहार बघा: त्या बुरुजाचे चौरस फूट किमतीत धरलेत का? कोटाच्या कपाटासाठी तुम्ही खोलीचे पैसे भरणार आहात. शिवाय विम्याच्या कागदात बाहेरच्या भिंतीचा प्रकार काय लिहिलाय ते तपासा.

निशिगंधा_क

हो, आणि गारांचं विचारा. टेक्सासात गारा पडतात. अकरा तुकड्यांच्या छपराची दुरुस्ती साध्या छपराच्या दुप्पट सांगतात, आमच्याकडे तरी सांगितली होती.

सांजवात

सगळ्यांचे प्रतिसाद आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. बाबांनी साचेकारांच्या खाचेचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला.

शनिवारी आम्ही पुन्हा त्या वसाहतीत गेलो. शेजारच्या प्लॉटवर तसंच घर अर्धवट होतं, बुरुजाचा सांगाडा उघडा. बारीक लाकडी खांब, त्यावर तक्ते, कागद, जाळी, आणि वर इंचभर जाडीचे दगडाचे तुकडे चिकटवत होते. ते दगड खोक्यातून आले होते, प्रत्येक खोक्यात तेच तेरा आकार. काम करणारा गवंडी मेक्सिकोतला, पन्नाशीचा. बाबांना स्पॅनिश येत नाही, त्याला मराठी येत नाही. बाबांनी खाली बसून मातीत काडीने कमानीचा चावीचा दगड, म्हणजे माथ्यावरचा मधला दगड, काढला. तो हसला, थापी ठेवली, फोन काढला आणि त्याच्या गावातली भिंत दाखवली. त्याच्या वडिलांनी रचलेली, ओबडधोबड दगडांची, दरजा इतक्या नेमक्या की त्यात सुरी जाणार नाही. नंतर त्याने बुरुजाकडे बोट केलं, मग फोनकडे, आणि मान हलवली. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

नवरा हे सगळं गाडीजवळ उभा राहून बघत होता. येताना तो स्वतःहून म्हणाला की मागच्या रस्त्यावरचं १९७८ चं एकमजली विटांचं घर परत एकदा बघू. साधं छप्पर, दोनच उतार. रविवारी वेळ घेतली आहे. बाबा टकटक करायला येणार आहेत.

पेठकरी

रविवारी रात्री लगेच लिहा. आम्ही जागे आहोत.

तूरकर

विटांचं असेल तर आधी बघा, बाहेरून कोणी रंग किंवा सिमेंट मारलंय का. मारलं असेल तर आतली भिंत हाताने तपासा, विशेषतः खिडक्यांखाली.